दृष्टिहीनांची गोल्फ लीग आणि मैदानाची सेवा : एका हंगामाचे परीक्षण

मुंबई महानगरातील एका नऊ होलच्या गोल्फ मैदानाने गेल्या हंगामात, म्हणजे पावसाळा ओसरल्यापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत, दृष्टिहीन आणि अंशतः दृष्टिहीन खेळाडूंच्या आमच्या छोट्या लीगला मैदान, कॅडी (म्हणजे खेळाडूची बॅग सांभाळणारे मदतनीस), प्रशिक्षक आणि सरावाची रेंज अशी एकत्रित सेवा पुरवली. त्या सेवेचे हे परीक्षण आहे. मी लीगच्या आयोजकांपैकी एक आहे आणि बी-३ म्हणजे थोडी दृष्टी असलेल्यांच्या गटात स्वतः खेळतेही, त्यामुळे हिशेबाची आणि खेळाची अशी या सेवेची दोन्ही अंगे मला जवळून पाहता आली. मैदानाचे नाव मी देत नाही, कारण पुढील हंगामाच्या अटींची बोलणी अजून चालू आहेत आणि खाली लिहिलेल्या काही तक्रारी त्या बोलण्यांचाच भाग आहेत. निकाल मात्र आधीच सांगते. आम्ही पुन्हा याच मैदानावर खेळू इच्छितो, आणि त्याचे मुख्य कारण तेथील कॅडी आहेत.

मुंबईत गोल्फसाठी जागा मिळवणे मुळातच अवघड आहे. १९१८ साली स्थापन झालेला विलिंग्डन क्लब काय किंवा १९२७ साली चेंबूरला सुरू झालेला बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब काय, शहरातील जुनी मैदाने सभासदांच्या क्लबांची आहेत. बाहेरच्या गटाला नियमित तारखा देणारे मैदान शोधावे लागते, आणि तो गट दृष्टिहीनांचा आहे म्हटल्यावर फोनवरचा आवाज थोडा सावध होतो. या मैदानाने मात्र आम्हाला आधी प्रत्यक्ष भेटायला बोलावले. ही गोष्ट लहान वाटेल, पण ज्यांनी असे फोन केले आहेत त्यांना तिचे मोल कळेल.

ज्यांनी दृष्टिहीनांचा गोल्फ पाहिलेला नाही त्यांचा पहिला प्रश्न हमखास चेंडूबद्दल असतो. अंध क्रिकेटच्या चेंडूत छर्रे असतात आणि त्यांच्या खुळखुळाटावर फलंदाज खेळतो. १९९८ साली दिल्लीत अंध क्रिकेटचा पहिला विश्वचषक झाला, तेव्हापासून आपल्याकडे पुष्कळांना तो चेंडू ठाऊक आहे. गोल्फमध्ये तसे काही नसते. चेंडू नेहमीचा, क्लब म्हणजे फटका मारायच्या काठ्या नेहमीच्या, आणि होलचा व्यास सर्वांसाठी तोच १०८ मिलिमीटरचा. फटका मारण्याआधी चेंडू जागच्या जागी स्थिर असतो, म्हणून न पाहताही हा खेळ खेळता येतो. दृष्टिहीन खेळाडूला लागतो तो एक डोळस जोडीदार, ज्याला आम्ही गाइड म्हणतो. गाइड अंतर आणि दिशा सांगतो, वाटेतील बंकर म्हणजे वाळूचे खड्डे, झाडे, पाणी यांची कल्पना देतो, क्लबचा फेस, म्हणजे चेंडूला लागणारी बाजू, चेंडूमागे सरळ टेकवून देतो, पावले लक्ष्याच्या रेषेत आहेत की नाहीत ते पाहतो आणि मग गप्प राहतो. पुढचा फटका सर्वस्वी खेळाडूचा असतो. म्हणून दृष्टिहीनांची गोल्फ लीग खऱ्या अर्थाने जोड्यांची लीग असते, आणि मैदानाची सेवा तपासायची ती जोडीतला दुसरा माणूस कसा मिळतो यावरून.

हे सारे नियमात बसते का, असा प्रश्न मैदानाच्या व्यवस्थापकांनी पहिल्याच भेटीत विचारला, आणि तो रास्त होता. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातील डलुथ शहराच्या क्लिंट रसेल यांनी दृष्टी गेल्यानंतर १९२०च्या दशकात गोल्फ खेळून दाखवला, १९५३ साली तेथे दृष्टिहीन गोल्फपटूंची राष्ट्रीय संघटना उभी राहिली आणि पुढे आंतरराष्ट्रीय संघटनाही झाली, हा इतिहास त्यांनी शांतपणे ऐकून घेतला. पण त्यांचे समाधान झाले ते नियमपुस्तक उघडल्यावर. गोल्फचे नियम ठरवणाऱ्या आर अँड ए आणि यूएसजीए या दोन संस्थांच्या १ जानेवारी २०२३ पासून लागू झालेल्या नियमावलीत दिव्यांग खेळाडूंसाठीच्या सुधारणा २५व्या नियमात मुख्य नियमांचाच भाग म्हणून घेतल्या आहेत. त्यानुसार दृष्टिहीन खेळाडूला उभे राहण्यासाठी, नेम धरण्यासाठी आणि सल्ल्यासाठी सहायकाची मदत घेता येते. बंकरमध्ये फटक्याआधी चेंडूच्या मागे किंवा पुढे वाळूला क्लब टेकवण्याची मुभाही त्याला आहे, कारण डोळस खेळाडू क्लब वाळूच्या वर अधांतरी धरू शकतो, तर दृष्टिहीन खेळाडूला चेंडू कुठे आहे हे क्लबच्या स्पर्शानेच समजते. त्याच नियमाप्रमाणे सहायकाला कॅडीचे कामही करता येते. व्यवस्थापकांनी नेमके हे कलम धरले. एकाच माणसाने बॅगही सांभाळावी आणि गाइडही व्हावे, अशी सेवा मैदान देऊ शकेल, असे त्यांनी तेथेच सुचवले.

या सुचवण्याचे महत्त्व समजण्यासाठी आधी काय होत असे ते सांगायला हवे. आमचे गाइड बहुतेक महाविद्यालयीन विद्यार्थी असत. मुंबईतील दृष्टिहीनांच्या शिक्षणाला लेखनिक म्हणून परीक्षेला बसणाऱ्या मुलामुलींचा फार मोठा आधार आहे, आणि त्याच ओळखीतून, किंवा राष्ट्रीय सेवा योजनेचे वर्षाचे १२० तास पूर्ण करायचे म्हणून, अनेक जण आमच्याकडे येत. त्यांच्या मनात आस्था होती, आवाजात उत्साह होता, पण ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या आणि पुन्हा मार्च-एप्रिलच्या परीक्षा आल्या की एकेक जण रजा मागे. मुंबईत गोल्फला अनुकूल हवा असते ती नेमकी या दोन परीक्षांच्या आसपास आणि त्यांच्या दरम्यान. शिवाय या मुलांना मैदान माहीत नसे. ग्रीनवरचा, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावरचा, उतार ज्याला स्वतःला वाचता येत नाही तो दुसऱ्याला काय सांगणार? विद्यार्थ्यांचा मी आजही ऋणी भावनेने उल्लेख करते आणि लीगची नोंदणी, प्रवास, निकाल या कामांत त्यांची जागा कायम आहे. गाइडचे काम मात्र जाणत्याचे आहे, आणि ज्या कामाला कसब लागते त्याला मोबदलाही असला पाहिजे, या मतावर मी या हंगामात पक्की झाले.

कॅडींना मैदान तोंडपाठ असते. कोणत्या ग्रीनवर सकाळी दव किती टिकते, कोणत्या बंकरची कड कच्ची आहे, कोणत्या फेअरवेवर, म्हणजे ग्रीनपर्यंतच्या गवताच्या पट्ट्यावर, चेंडू उसळी घेत नाही, हे त्यांना न पाहता सांगता येते. त्यांची अडचण वेगळी होती. वर्षानुवर्षे त्यांनी डोळस खेळाडूंना हाताने दाखवले आहे. ‘इकडे मारा’, ‘तिकडून फिरवा’, ‘असा धरा’ या सूचनांचा दृष्टिहीन माणसाला काडीचाही उपयोग नसतो. ही सवय मोडण्यासाठी हंगामापूर्वी कॅडींचे प्रशिक्षण ठेवले गेले, आणि त्या वेळेची त्यांची मजुरी मैदानाने स्वतः भरली. संपूर्ण सेवेत मला सर्वांत आवडलेला निर्णय हा आहे. रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाला ‘सेवा म्हणून या’ असे सांगणे सोपे असते. मैदानाने तसे केले नाही.

प्रशिक्षणात प्रत्येक कॅडीने डोळ्यांवर पट्टी बांधून, सहकाऱ्याच्या सूचनांवर काही होल खेळले. बोलण्याचा क्रम ठरला: आधी अंतर, मग दिशा, मग धोका, आणि सर्वांत शेवटी क्लब. दिशा घड्याळाच्या आकड्यांत सांगायची, म्हणजे समोर बारा वाजता, काटकोनात उजवीकडे तीन वाजता. ग्रीनवर अंतर पावलांत मोजायचे. एका वेळी एकच सूचना द्यायची. क्लब मागे जाऊ लागला की तोंडातून शब्द काढायचा नाही. आणि फटका झाल्यावर चेंडू कुठे गेला हे ताबडतोब आणि खरे सांगायचे. हा शेवटचा नियम कॅडींना सर्वांत जड गेला, कारण ग्राहकाला खूश ठेवणे त्यांच्या अंगवळणी पडलेले आहे. चेंडू झाडीत गेला असताना ‘मस्त शॉट’ म्हटले, तर पुढच्या फटक्यात खेळाडू सुधारणा कशात करणार? आमच्या खेळाडूंना आयुष्यभर कीव करणारे कौतुक ऐकावे लागले आहे. मैदानावर त्यांना त्यांच्या चेंडूचा खरा ठावठिकाणा हवा असतो.

हे प्रशिक्षण किती मुरले ते एका पटमधून, म्हणजे ग्रीनवरून होलकडे मारायच्या हलक्या फटक्यातून, सांगता येईल. खेळाडू बी-१ म्हणजे जवळपास काहीच न दिसणाऱ्यांच्या गटातील, बँकेत नोकरी करणाऱ्या एक ताई, कॅडी पन्नाशीचे. चेंडू ग्रीनच्या खालच्या कडेला थांबला होता. ‘ताई, होलपर्यंत चालून येऊ,’ असे म्हणून त्यांनी आपले कोपर पुढे केले. ताईंनी ते धरले आणि पटच्या रेषेवर पाय पडणार नाही अशा बेताने दोघे कडेने चालू लागले. ताई पुटपुटत पावले मोजत होत्या. ‘चौदा,’ त्या म्हणाल्या. ‘बरोबर. शेवटच्या पाच पावलांत काय वाटलं?’ ‘उजवा पाय खाली जातोय, काका.’ ‘म्हणजे चेंडू उजवीकडे उतरणार. होलच्या डावीकडे एक वीतभर धरू या.’ परत येऊन काकांनी पटर चेंडूमागे टेकवला, ताईंनी आपली पकड घेतली, पावले जुळवली. ‘फेस थोडा बंद आहे, बोटभर उघडा. हां, बस.’ तेवढ्यात दुसऱ्या खेळाडूच्या कॅडीने होलमध्ये झेंड्याची काठी दोनदा आपटली. ताईंनी मान त्या आवाजाकडे वळवली, ‘अजून एकदा’ म्हणाल्या, आवाज पुन्हा ऐकला आणि पट मारला. ‘लाइन बरोबर, दोन पावलं कमी,’ काका म्हणाले. ‘चढाला जोर कमी पडला माझा,’ ताई म्हणाल्या, आणि दोघे पुढच्या पटसाठी चालू लागले. या साऱ्यात ताईंचा हात धरून कोणी त्यांना ओढले नाही, कोणी आवाज चढवला नाही, आणि उताराचा अंदाज ताईंच्या स्वतःच्या तळपायांनी घेतला होता.

अशी जोडी जमायला वेळ लागतो, म्हणून एका खेळाडूला संपूर्ण हंगाम एकच कॅडी मिळावा, अशी अट आम्ही घातली होती. येथे एक पेच निर्माण झाला. मैदानावर कॅडी पाळीने काम घेतात. ज्याचा नंबर लागेल तो जाईल, ही त्यांच्यातील न्यायाची पद्धत आहे. ठरावीक कॅडींना लीगसाठी बाजूला काढले की पाळी मोडते आणि उरलेल्यांचा रोष ओढवतो. काही कॅडींनी तशी नाराजी उघड बोलून दाखवली, आणि ती मला पटली. कॅडी मास्टरांनी यातून मार्ग काढला: लीगचे काम पाळीबाहेर धरायचे, ते करणाऱ्याचा नेहमीचा नंबर जागेवरच ठेवायचा, आणि पुढील प्रशिक्षणात इतरांनाही घ्यायचे. अशी लीग चालवू पाहणाऱ्या कोणालाही मी सुचवेन की मैदानाच्या कार्यालयाआधी कॅडी मास्टरांशी सविस्तर बोलावे.

खेळाडूंच्या वर्गवारीबाबत मैदानाची समज सुरुवातीला कच्ची होती. नोंदणी खिडकीवर यूडीआयडी या दिव्यांग ओळखपत्रावरील टक्केवारी पाहून सर्वांना एकाच यादीत टाकले जाई. कायद्याची व्याख्या आणि खेळाची वर्गवारी या वेगळ्या गोष्टी आहेत. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार चांगल्या डोळ्याची दृष्टी चष्मा लावूनही ३/६० पेक्षा (३/६० म्हणजे इतरांना ६० मीटरवरून दिसते ते ३ मीटरवरून दिसणे) कमी असेल, किंवा दृष्टिक्षेत्र १० अंशांपेक्षा कमी असेल, तर ते अंधत्व, आणि त्याच्या वर साधारण ६/१८ पर्यंत अल्पदृष्टी. खेळात बी-१ म्हणजे ज्याला उजेड जाणवत नाही, किंवा जाणवला तरी हाताचा आकार ओळखता येत नाही. बी-२ म्हणजे तेथपासून २/६० पर्यंतची दृष्टी किंवा ५ अंशांहून कमी क्षेत्र. बी-३ म्हणजे ६/६० पर्यंतची दृष्टी किंवा २० अंशांहून कमी क्षेत्र. त्यामुळे ६/२४ दृष्टीच्या माणसाकडे अल्पदृष्टीचे प्रमाणपत्र असू शकते, पण तो या तीन गटांत बसत नाही. आम्ही नेत्रतज्ज्ञांच्या अहवालांवरून गट ठरवून यादी दिली आणि मग खिडकीवरचा गोंधळ थांबला.

प्रशिक्षकांनी मात्र हा फरक पहिल्यापासून ओळखला, आणि त्यासाठी त्यांना पूर्ण गुण द्यावे लागतील. रेटिनायटिस पिगमेंटोसा असलेल्या माझ्यासारख्या खेळाडूला नळीतून पाहावे तसा लांबचा झेंडा कधी कधी दिसतो, पण स्वतःची पावले आणि चेंडू एकाच वेळी दिसत नाहीत. दृष्टिपटलाच्या मध्यभागी दोष असलेल्याचे नेमके उलट होते. त्याला आजूबाजूचे जाणवते आणि ज्या चेंडूकडे तो पाहतो तोच नाहीसा होतो. प्रशिक्षकांनी रेंजवरील काही चटयांवर काथ्याची जाड दोरी चिकटपट्टीखाली घट्ट बसवून घेतली. बुटाचे टोक दोरीला लागले की पावले रेषेत आली, हे बी-१ खेळाडूला कोणालाही न विचारता कळू लागले. बी-२ आणि बी-३ गटांसाठी त्यांनी गडद रंगाची चटई आणि भडक पिवळे चेंडू ठेवले. या दोन्ही गोष्टींचा खर्च नगण्य आहे आणि उपयोग फार मोठा आहे. याउलट, एका देणगीदाराच्या आग्रहाखातर होलजवळ ठेवण्यासाठी आणलेले बीप वाजवणारे यंत्र आम्ही लवकरच कपाटात ठेवले. त्याचा एकसुरी आवाज शेजारच्या ग्रीनपर्यंत जाई आणि दुसऱ्या जोडीचे लक्ष विचलित करी. काठीचा ठोका हवा तेव्हा मागता येतो आणि हवा तेव्हा थांबतो. देणगीदारांना वस्तू देणे आवडते, हे मी समजू शकते. माझी त्यांना कळकळीची विनंती आहे की तोच पैसा कॅडींच्या प्रशिक्षणाला द्यावा.

वेळापत्रकाबाबत पहिली बोलणी फारशी समाधानकारक नव्हती. मैदानाने आम्हाला रविवारी दुपारची वेळ देऊ केली होती, कारण सकाळी नेहमीच्या ग्राहकांची गर्दी असते. मुंबईकराला यातील अडचण वेगळी सांगायला नको. रविवारी मध्य आणि हार्बर मार्गांवर दुपारी मेगाब्लॉक असतो. पश्चिम मार्गावरही अनेकदा तशीच गत. डोंबिवलीहून, वसईहून, गिरगावातून एकट्याने पांढरी काठी घेऊन दिव्यांग डब्यातून येणाऱ्या माणसाला ऐनवेळी फलाट बदलला, गाडी दुसऱ्या मार्गावर वळवली, स्टेशन गाळले, की साऱ्या प्रवासाचा हिशेब नव्याने मांडावा लागतो. त्यातच दुपारचे ऊन. शेवटी दुसरा आणि चौथा शनिवार ठरला. आमचे बरेच खेळाडू बँकांत नोकरीला आहेत आणि सप्टेंबर २०१५ पासून बँकांना हे दोन शनिवार सुट्टी असते. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांनाही २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे. वेळ सकाळी सातनंतरची घेतली, कारण रातांधळेपणा असलेल्या खेळाडूंना पहाटेचा अंधुक उजेड संपूर्ण काळोखापेक्षाही फसवा असतो. मैदानाने हे कारण ऐकून घेतले आणि हंगामभर त्या वेळा पाळल्या. एकदाही आमचा गट मागे सारून दुसऱ्यांना पुढे सोडले गेले नाही, हे मी कृतज्ञतेने नोंदवते. स्टेशनपासून मैदानापर्यंतच्या रिक्षांची जबाबदारी आमच्या विद्यार्थी स्वयंसेवकांनी घेतली होती आणि मैदानाकडून तशी अपेक्षाही नव्हती.

आम्ही किती वेळ घेतो, याची मैदानाला चिंता होती. दोन खेळाडू आणि दोन कॅडी अशा गटाला नऊ होलला डोळस गटापेक्षा निश्चितच जास्त वेळ लागतो. त्यावर उपाय म्हणून स्टेबलफोर्ड पद्धत निवडली. तिच्यात फटक्यांची बेरीज न करता प्रत्येक होलचे गुण मोजतात: हँडिकॅप, म्हणजे कौशल्यानुसार मिळणारी फटक्यांची सूट, वजा करून पार, म्हणजे त्या होलसाठी ठरलेले फटके, आला तर दोन गुण, बोगीला (एक फटका जास्त) एक, बर्डीला (एक फटका कमी) तीन, आणि बोगीहून जास्त फटके गेले तर शून्य. २०२० पासून लागू झालेल्या जागतिक हँडिकॅप पद्धतीत कमाल हँडिकॅप ५४ आहे, म्हणजे ढोबळ हिशेबाने नवख्या खेळाडूला प्रत्येक होलला तीन फटके सूट. पार चारच्या होलवर त्याला सातव्या फटक्यात चेंडू होलमध्ये गेला तर दोन गुण, आठव्यात एक. आठवा फटकाही चुकला की चेंडू उचलायचा आणि पुढच्या टीकडे, म्हणजे पुढील होलच्या सुरुवातीच्या जागेकडे, चालायचे. यामुळे गट रेंगाळत नाहीत आणि एका वाईट होलमुळे कोणाची संपूर्ण सकाळ वाया जात नाही. खेळाच्या वेगावर लक्ष ठेवणाऱ्या मैदानाच्या मार्शलनी हे गणित समजावून घेतले आणि ‘लवकर चला’ असे खेळाडूला न सांगता कॅडीला हळूच सांगण्याची पद्धत ठेवली, ती योग्य होती.

आता उणिवांकडे येते. मैदानाचे बुकिंगचे ॲप दृष्टिहीनांना वापरता येत नाही. बटणांना नावे दिलेली नाहीत, त्यामुळे टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरील मजकूर बोलून दाखवणारी सोय, लावल्यावर फोन एकामागून एक नुसते ‘बटण, बटण’ एवढेच उच्चारतो. माहिती आणि दळणवळणाची साधने सुगम असावीत, अशी तरतूद २०१६च्या कायद्याच्या कलम ४२ मध्ये आहे, हे आम्ही पत्राने कळवले. उत्तर आले, दुरुस्ती आली नाही. तात्पुरती सोय म्हणून फोनवर नोंदणी घेतली जाते. निकालही आधी गुणपत्रिकेचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवला जाई. ज्या खेळाडूंनी तो खेळ खेळला त्यांनाच आपले गुण दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागावेत, यासारखी खटकणारी गोष्ट नाही. साध्या मजकुरात नाव, होल आणि गुण ओळीने लिहून पाठवावेत, अशी विनंती केल्यावर ती मात्र मान्य झाली आणि पाळलीही गेली.

दुसरी उणीव वाहनांची. मैदानावरील गोल्फ कार्ट विजेवर चालतात आणि त्यांचा आवाज जवळपास येतच नाही. पाऊलवाट आणि कार्टचा रस्ता काही ठिकाणी एकच आहे. एका वळणावर एक कार्ट आमच्या खेळाडूच्या काठीला घासून गेली. इजा झाली नाही, पण त्या दिवशी आमच्यातील कोणाचाच खेळ मन लावून झाला नाही. त्यानंतर लीगच्या दिवशी कार्टना सायकलची घंटा बसवली जाते, आणि चालक वळणावर ती वाजवतात. ही घंटा कायमची का बसवू नये, हे मला अजून समजलेले नाही. मैदानावर ज्येष्ठ सभासदही असतातच. प्रवेशद्वारापाशी गाड्या अडवण्यासाठी गुडघ्याच्या उंचीवर लावलेली साखळीही तशीच धोक्याची आहे. काठी तिच्याखालून जाते आणि माणूस अडखळतो.

मैदानाच्या उठाव-नकाशांचे श्रेय आमच्या विद्यार्थ्यांचे आहे, पण ते करताना मैदानाने मूळ आराखडे दिले आणि एका कॅडीला दोन सकाळी त्यांच्याबरोबर मोकळे सोडले. जाड पुठ्ठ्यावर बंकरसाठी पॉलिश पेपर, ग्रीनसाठी मखमल, हद्दीसाठी सुतळी. टीवर उभे राहण्याआधी बोटांनी होल चाचपून पाहिले की कॅडीचे शब्द जागेवर बसतात. हे नकाशे आता मैदानाच्या स्वागतकक्षातच ठेवले जातात, आणि दृष्टी असलेले नवखे खेळाडूही ते हाताळताना दिसतात.

उपाहारगृहाबद्दल थोडक्यात. पोहे आणि चहा उत्तम. पहिल्या दिवशी वेटरने कॅडीला विचारले, ‘ह्यांना काय देऊ?’ खेळाडू समोर बसलेले असताना त्यांच्याबद्दल तिसऱ्याला विचारणे हा आम्हा सर्वांचा रोजचा अनुभव आहे, म्हणून कोणी काही बोलले नाही. पण त्या कॅडीनेच उत्तर दिले, ‘साहेबांना विचार ना.’ पुढच्या वेळेपासून वेटर नावाने हाक मारून पदार्थ वाचून दाखवू लागला आणि कप ठेवताना ‘चहा दोन वाजता’ असे सांगू लागला. कॅडींना शिकवलेले घड्याळ आपोआप उपाहारगृहापर्यंत पोहोचले होते.

पैशांबाबत माझी तक्रार गंभीर आहे. लीगच्या दराच्या वर मैदान ‘विशेष कॅडी सेवा’ म्हणून जादा रक्कम आकारते. ती रक्कम द्यायला आमची हरकत नाही. हे काम साध्या कॅडीच्या कामापेक्षा अधिक कष्टाचे आणि अधिक जोखमीचे आहे. परंतु त्या जादा रकमेपैकी किती पैसे कॅडीच्या हातात पडतात, हे हंगाम संपेपर्यंत आम्हाला स्पष्ट सांगितले गेले नाही. कॅडींना विचारले तर वेगवेगळी उत्तरे मिळाली. नऊ होलना लागणाऱ्या जास्तीच्या वेळेचा आकारही बिलात येतो, आणि कॅडी मात्र त्याच वेळेत दुसरी फेरी करू शकले नाहीत म्हणून त्यांचे नुकसान होते. ज्या माणसांच्या भरवशावर ही सेवा नावारूपाला आली, त्यांच्याच मोबदल्याबाबत अशी संदिग्धता असणे मला अस्वस्थ करते, आणि ॲपपेक्षा, साखळीपेक्षा, कशाहीपेक्षा मी या गोष्टीचे गुण कापते.

पावसाळ्यातील व्यवस्था अजून तपासून व्हायची आहे. जूननंतर फेअरवे भिजतात, चेंडू जमिनीत रुततो, आणि सरींच्या आवाजात काठीचा ठोका व कॅडीचा शब्द दोन्ही हरवतात. त्यामुळे ते चार महिने छपराखालच्या रेंजवर फक्त सराव आणि पटिंगच्या चटईवर छोट्या स्पर्धा, असा प्रस्ताव आम्ही दिला आहे. रेंजच्या दोन जागा दोरीच्या चटयांसह राखून ठेवण्यास मैदान तयार आहे. नव्या कॅडींचे प्रशिक्षणही याच काळात व्हावे, त्यात या हंगामातील अनुभवी कॅडींनी शिकवावे आणि शिकवण्याचा मोबदला त्यांना वेगळा मिळावा, असे आम्ही लिहून दिले आहे. पुढील हंगामाच्या करारात कॅडीच्या गाइड भत्त्याची रक्कम बिलात स्वतंत्र ओळीत दाखवावी, ती त्याच दिवशी थेट त्याच्या खात्यात जमा व्हावी आणि जास्तीच्या वेळेचा आकारही त्यालाच मिळावा, या अटीवर कार्यालयाचे उत्तर यायचे आहे. बाकी साऱ्या अटी त्यांनी मान्य केल्या आहेत.